झोपाळ्यावरून सांगितलेलं

आमच्या मुलुंडच्या घरात पाहुणा आला की त्याला आधी अंग चोरावं लागायचं. दार उघडलं की समोर मी. बाहेरच्या खोलीच्या बरोबर मधोमध टांगलेला झोपाळा आणि त्यात पट्ट्याने बांधलेली मी. पाहुणा एका बाजूने भिंतीला घासत आत यायचा, लोखंडी घडीच्या खुर्चीवर बसायचा आणि मग कुठे बघावं हे न कळून कॅलेंडरकडे बघत राहायचा. घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. आतल्या खोलीत ओटा, मोरी, पाण्याची पिंपं आणि रात्री आतेची वळकटी. बाहेर दादा, आई, मी आणि झोपाळा. झोपाळ्याला मी घरातलं माणूसच धरायचे, कारण जागा आम्हा तिघांपेक्षा त्याचीच जास्त होती.

दादा म्हणजे माझे वडील. आते त्यांना दादा म्हणायची, तेच माझ्याही तोंडी बसलं. भांडुपच्या एका कारखान्यात ते फिटर होते आणि झोपाळा त्यांनी स्वतः बनवला होता. स्लॅब सळीपर्यंत खोदून दोन हुक बसवले, कारखान्यातून आणलेल्या साखळीवर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली म्हणजे माझे हात सोलायला नकोत, फळीला मोडक्या खुर्चीची पाठ लावली, आणि कॅनव्हासचा चार बोटं रुंद पट्टा. पट्ट्याचं बक्कल पाठीमागे होतं. ते पुढे असतं तरी माझ्या बोटांना उघडलं नसतं, पण पाठीमागे असल्यामुळे प्रयत्न करायचीही सोय नव्हती.

मी जन्मले तेव्हा बराच वेळ रडले नाही, एवढंच मला आईकडून कळलेलं. त्यानंतरचं सगळं माझ्या अंगाने सांगितलं. पाय एकमेकांवर चढायचे आणि ताठ व्हायचे. मुठी वळलेल्या. मान कधी या खांद्यावर, कधी त्या. पाच वर्षांची झाले तरी मला बसता येत नव्हतं. तेव्हा पालिकेच्या इस्पितळातल्या व्यायामाच्या बाईंनी झोक्याचा उपाय सांगितला. बाई शांत होत्या, आईला समोर बसवून नीट समजावत होत्या. पुढेमागे जाताना कानाच्या आतल्या तोलाच्या जागेला काम मिळतं, म्हणाल्या. मान आपोआप सावरायला शिकते, पाठीला ताठ राहायची सवय लागते, हात धरायला शिकतात आणि संथ झोक्याने ताठरलेलं अंग सैल पडतं. "दिवसातून दोनदा, दहा-दहा मिनिटं द्या. मग खाली चटईवर घ्या आणि तिला तिचं तिचं हलू द्या." हे सगळं माझ्यासमोर झालं आणि मला ते अजून पाठ आहे. आईनेही ऐकलं. पण घरी पोचेपर्यंत त्यातली दहा मिनिटं आणि चटई कुठेतरी गळून पडली, उरला तो झोपाळा.

गुण आला, हे आधी सांगायला हवं. सहा महिन्यांत माझी मान मधोमध उभी राहू लागली. वर्षभरात मी साखळी धरून पाठ टेकल्याशिवाय बसले. ज्या दिवशी मी पहिल्यांदा उजव्या हाताने बिस्किट धरून तोंडापर्यंत नेलं, त्या दिवशी दादांनी चाळीस घरांत पेढे वाटले. आजही मला कुणी विचारलं तर मी सांगते की झोक्याने मला पाठीचा कणा दिला. पण झाकण असलेल्या डब्यात ठेवलेली वस्तू सांडत नाही, हेही आमच्या घराला त्याच सुमारास कळलं. चटईवर ठेवलं की मी सरपटायचे, पलंगाच्या पायावर डोकं आपटायचे, मोरीच्या दाराशी जाऊन अडकायचे, कुणाला तरी माझ्याकडे लक्ष ठेवून बसावं लागायचं. झोपाळ्यात मी सुरक्षित होते. आईची कंबर तेव्हाच धरायला लागली होती. मग दहाची वीस मिनिटं झाली, विसाचा तास, आणि मी नऊ-दहा वर्षांची होईपर्यंत सकाळचं आंघोळपाणी उरकलं की मला त्यात बसवायचे ते दुपारी जेवण भरवून, पुन्हा बसवून, दिवे लागेपर्यंत.

आता मी ठाण्याच्या एका उपचार केंद्रात बसते, नोंदणीच्या टेबलावर. तिथे छताला रंगीत कापडाचे झोळीसारखे झोके आहेत, टायरचे आहेत, आडवं झोपून घ्यायचेही आहेत. मुलांना घेऊन आलेल्या आया मला विचारतात, किती वेळ द्यायचा हो? मी म्हणते, ते तुम्हाला थेरपिस्ट सांगतील, पण त्यांनी उतरवायला सांगितलं की उतरवा. त्या हसतात. त्यांना वाटतं मी गंमत करतेय.

आते होती म्हणून ते दिवस निघाले. तिचं नाव सुमन, दादांची सगळ्यांत धाकटी बहीण. मी पाच वर्षांची असताना, झोपाळा टांगला त्याच महिन्यात, दादांनी तिला कुडाळच्या पुढच्या आमच्या गावातून चार महिन्यांसाठी बोलावून घेतलं. हिरव्या रंगाची पत्र्याची ट्रंक घेऊन आली. ट्रंक आतल्या खोलीत पिंपाशेजारी ठेवली गेली आणि तिच्यावर पुढे घासलेली भांडी पालथी घालायला सुरुवात झाली, म्हणजे ती उघडायची गरज कुणाला फारशी पडत नसावी. सकाळी दुधाच्या बाटल्या आणण्यापासून माझे पाय तेलाने चोळण्यापर्यंत सगळं तिच्याकडे. कुळथाची पिठी, तिरफळं घातलेली बांगड्यांची कढी, उरलेल्या भाताची पेज, सुकटीची चटणी, हे सगळं तिच्या हातचं आणि मला भरवणंही तिच्याच हातून. घास लहान करायचा, जिभेच्या मधोमध ठेवायचा, मग माझी हनुवटी बोटाने वर धरायची. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. आईशी ती मुंबईची मराठी बोलायची, माझ्याशी मात्र मालवणी.

माझं बोलणं हा वेगळाच घोळ होता. शब्द डोक्यात तयार असायचा, पण जबडा अडायचा आणि श्वास छातीतच राहायचा. पहिलं अक्षर निघायचं आणि बाकीचा शब्द आत. मी "पा" म्हटलं की आई पाण्याचा पेला आणायची. मला सांगायचं असायचं की पाय साखळीत अडकलाय. मी डोकं हलवलं तर ती म्हणायची, "हो हो, देते, देते," आणि पाणी पाजायची. असं दिवसातून दहा वेळा झालं की माणूस बोलायचा नाद सोडतो. मीही सोडला होता. डॉक्टरांच्या कागदावर काय लिहिलं होतं मला ठाऊक नाही, पण आमच्या घरात आणि मजल्यावर सगळ्यांनी धरून ठेवलं होतं की राण्यांच्या विजूला बोलता येत नाही आणि काही कळतही नाही.

आतेला वेगळी गोष्ट सापडली. दुपारी आई आडवी झाली की ती जमिनीवर बसून सूप मांडीवर घ्यायची, तांदूळ निवडायची आणि पायाच्या अंगठ्याने झोपाळ्याला हलका रेटा देत राहायची. तिच्या लक्षात आलं की झोपाळा पुढे जाताना माझा श्वास आपसूक सुटतो. त्या सुटण्यात एखादा शब्द सोडून दिला तर तो बाहेर येतो. वेडावाकडा, पण पुरा. मागे येताना श्वास आत, पुढे जाताना शब्द. "घाई करू नको," ती म्हणायची. "पुढच्या झोक्याक सांग." आणि खरोखर वाट बघायची. अशी एका झोक्याला एक शब्द, या हिशेबाने आमची दोघींची दुपार चालायची. समोरच्या इमारतीत कुणाच्या स्वयंपाकघरात काय फोडणीला पडलं, शेजारच्या शिलाई मशीनवाल्या काकू आज का थांबल्या, असलं काहीतरी. कारखान्याचा तीनचा भोंगा झाला की आई उठायची आणि आमचं बोलणं बंद व्हायचं. लपवायचं असं आम्ही ठरवलं नव्हतं. आईला ते शब्द वाटायचेच नाहीत, नुसते आवाज वाटायचे.

आणि तरीही मी अडकलेली होते. ते कितीही सांगितलं तरी पुरत नाही. उन्हाळ्यात पट्ट्याखाली घामोळं उठायचं. माशी नाकावर बसली तर ती उठेपर्यंत बसू द्यायची. खिडकीतून गजाच्या पलीकडे मला समोरची भिंत, तिच्यावरचा पाण्याचा ओघळ आणि अशोकाच्या झाडाचं फक्त टोक दिसायचं. बुंधा कसा आहे हे मी कधी पाहिलं नव्हतं, कारण इस्पितळात नेतानाही दादा मला खांद्यावर पालथं टाकून भराभर जिना उतरायचे. दुपारी एकदोन तास तर असे यायचे की मला ओरडावंसं वाटायचं, आणि ओरडले की आई येऊन झोका मोठा करून जायची. पोर रडतंय, झोका हवा असेल.

मी अकरा वर्षांची असताना एका रविवारी सकाळी परब आले. आते मासळी आणायला बाजारात गेली होती. परबांना मी आधी पाहिलं नव्हतं, पण दादांच्या बोलण्यातून नाव ऐकलं होतं. गावच्या मंडळातले. चाळिशीचा माणूस, इस्त्रीचा शर्ट, हातात केळ्यांची फणी. झोपाळ्याजवळून आत येताना त्यांनी अंग चोरलं नाही, साखळी हाताने धरून थांबवली, माझ्याकडे बघून मान हलवली आणि मग खुर्चीत बसले. आईने चहा ठेवला.

"राणे, मी सरळच बोलतो," ते म्हणाले. "बायको जाऊन चार वर्षं झाली. मूलबाळ नाही. चारकोपला सेक्टरमध्ये घर मिळालंय, लहान आहे, पण स्वतःचं. मंडळाच्या पूजेला तुमच्या बहिणीला बघितलं. त्यांचं तुम्ही कुठे ठरवलं नसेल तर त्यांना एकदा विचारून बघा. नाही म्हणाल्या तर माझा काही राग नाही."

दादांनी बशीत चहा ओतला. फुंकर घातली. "सुमनच्या मनात लग्न नाही," ते म्हणाले. "मी मागेच विचारलंय तिला."

आई ओट्याशी उभी होती. तिने दादांकडे पाहिलं, मग खाली.

"एकदा पुन्हा विचारा," परब म्हणाले.

"तिचं ठरलेलं आहे. पोरीत जीव आहे तिचा." दादांनी मानेने माझ्याकडे खूण केली.

परबांनी चहा संपवला. जाताना माझ्यासमोर थांबून वाकले. "नाव काय गं तुझं?"

"विजया," आई आतून म्हणाली. "तिला बोलता येत नाही."

ते तरी थोडा वेळ थांबले. झोपाळा स्थिर होता, श्वास छातीत अडकलेला, आणि माझ्या तोंडून नुसता एक 'वि' निघाला. त्यांनी मान हलवली आणि चपला घातल्या.

दार लागल्यावर आई म्हणाली, "अहो, सुमनला एकदा विचारायला हवं होतं. पस्तिशीची झाली ती."

"आणि हो म्हणाली तर? हिचं कोण करणार? तुला पाण्याची कळशी उचलवत नाही."

"तरीपण. तिच्या नावाने खोटं बोललात."

"मग काय करू सांग ना! कामावर जाऊ का हिला झोके देत बसू?"

"हळू बोला, बाजूला ऐकू जाईल."

दादांनी रिकामी कपबशी बाजूला सारली. मग आईच म्हणाली, "विजूसमोर..." आणि दादा म्हणाले, "तिला काय कळतंय."

अर्ध्या तासाने आते आली. पिशवीत बांगडे. मोरीत बसून ती ते साफ करू लागली, नेहमीसारखी स्वतःशी गुणगुणत. केळी कोणी आणली, तिने विचारलं. मंडळातलं कुणीतरी येऊन गेलं, दादा म्हणाले. त्या दिवशीच्या कढीचा घास तिने माझ्या जिभेवर ठेवला आणि मला तो गिळता येईना. "काटो लागलो काय गो?" म्हणून तिने माझं तोंड उघडून बोटाने तपासलं.

मी चार दिवस काही सांगितलं नाही. दुपारी ती अंगठ्याने झोपाळा रेटायची, "बोल गो," म्हणायची, आणि मी तोंड मिटून घ्यायचे. आज याला मी चांगुलपणाचं काही नाव देऊ शकत नाही. मला भीती होती. ती गेली तर माझा घास कोण लहान करणार, पुढच्या झोक्याची वाट कोण बघणार? दादा जे बोलले तेच माझ्याही मनात होतं. फक्त ते बोलले आणि मी बोलले नाही.

गुरुवारी आई कंबर दाखवायला दवाखान्यात गेली होती. मला लघवीला जायचं होतं. आते आत स्टोव्हला पिन मारत होती, पिन अडकली होती बहुतेक, रॉकेलचा वास घरभर. मी हाक मारल्यासारखा आवाज केला. "थांब गो जरा." मी पुन्हा आवाज केला. "माका काय चार हात आसत?" मी थांबले. पट्टा पोटावर होता. अकरा वर्षांच्या मुलीला जेवढं थांबता येतं तेवढं थांबले आणि मग फळीवरून खाली धार लागली.

आते बाहेर आली, तिने बघितलं, हातातली पिन भिंतीवर फेकली. "जन्मभर ह्याच करूचा माका?" ती म्हणाली. माझ्याकडे बघून नाही, ती फरशीकडे बघत होती. मग तिने मला सोडवलं, मोरीत नेऊन धुतलं, कपडे बदलले, फळी पुसली, फरशी पुसली. मला वाटलं आता चटईवर ठेवेल. पण स्टोव्ह अजून पेटायचा होता, भात व्हायचा होता. तिने मला पुन्हा झोपाळ्यात बसवलं आणि पाठीमागे बक्कल लावलं. त्याचा खट् आवाज झाला आणि माझ्या आत काहीतरी उसळलं. तिने जाता जाता सवयीने एक झोका दिला. पुढे जाताना मी म्हटलं, "परब."

ती वळली. "काय?"

झोपाळा मागे आला, पुढे गेला. "आले. होते."

"कोण परब? मंडळाचे?"

"हो."

ती जवळ आली. "कित्याक?"

"लग्न."

"कोणाचा?"

मी मागे गेले, पुढे आले. "तुझं."

तिने साखळी पकडली. झोपाळा थांबला. तिचा चेहरा माझ्या चेहऱ्यापासून वीतभर, रॉकेलचा काळा डाग हनुवटीवर. "दादान काय सांगितल्यान? सांग. आणि काय म्हणाले ते? सगळा सांग."

पण झोपाळा थांबला होता. माझा श्वास आत बंद, जबडा अडलेला, लाळ गळतेय, आणि एक अक्षर फुटेना. तिला ते कळायला थोडा वेळ लागला. मग तिने साखळी सोडली, मागे जाऊन उभी राहिली आणि स्वतःच्या दोन्ही हातांनी मला हळूच पुढे ढकललं. तिला ऐकायचं होतं, आणि ऐकायचं तर मला झोका द्यायलाच हवा होता. तो झोका मी आयुष्यात विसरणार नाही.

"दादा. म्हणाले. नको." मागे, पुढे. "तुला. नको. लग्न."

"आणि परब?"

"विचारा. म्हणाले. तिला." मी दमले होते. ती ढकलत राहिली. "नाही. म्हटलं. तरी. राग. नाही."

झोपाळा आपोआप मंद होत थांबला. मला मान वळवता येत नव्हती, म्हणून ती कुठे आहे, काय करतेय मला कळेना. बऱ्याच वेळाने ती पुढे आली आणि माझ्या पायांशी भिंतीला टेकून बसली. "तुका सगळा कळता," ती म्हणाली. "सगळा कळता आणि तू गप." नंतर पदराने तिने माझी लाळ पुसली आणि उठून स्टोव्ह पेटवला.

मी का सांगितलं? तिच्या भल्यासाठी, असं पुढे अनेकांना सांगितलंय. खरं म्हणजे मी रागावले होते. दादांवर, आईवर, आणि त्या क्षणी सगळ्यांत जास्त तिच्यावर, कारण बक्कल तिने लावलं होतं. रागात माझ्याजवळ फेकायला एवढी एकच वस्तू होती.

संध्याकाळी दादा आले. आतेने चहा त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि उभी राहिली. "दादा, परब इल्ले?"

दादांनी आईकडे पाहिलं. आईने 'मी नाही' अशी मान हलवली. "तुला कुणी सांगितलं?"

"माका कळला. तू माका विचारूक नाय."

"विचारून काय करणार होतीस? जाणार होतीस?"

"ता मी सांगितलं असतंय." तिचा आवाज चढला नव्हता. "चार महिन्यांसाठी इल्लंय मी. सहा वर्सां झाली. माझी ट्रंक उघडूची म्हटली तर आधी तुमची भांडी उचलूची लागतत."

"म्हणजे आम्ही तुला मोलकरीण ठेवलंय, असंच ना?"

"अहो!" आई म्हणाली.

"विजूकडे बघून सांग," दादा म्हणाले, "जा तुला जायचं तर. तिला सांगून जा."

आतेने माझ्याकडे पाहिलंच नाही. मला वाटतं पाहिलं असतं तर ती गेली नसती. पण दादांनी पाहिलं. माझा चेहरा माझ्या ताब्यात कधीच नव्हता. काही लपवायचं असलं की तोंड एका बाजूला ओढलं जायचं आणि मान गदागदा हलायची. तशी ती हलत होती. दादा बघत राहिले. बशीतला चहा निवून गेला.

लग्न महिन्याभरात झालं, मंडळाच्या हॉलमध्ये. मला नेलं नाही, शिलाई मशीनवाल्या काकू माझ्याजवळ बसल्या. हिरवा चुडा भरलेली आते सकाळी निघताना माझ्याजवळ आली आणि माझ्या कपाळाला कपाळ टेकून उभी राहिली. मी तिला जा म्हणाले नाही. झोपाळा हलत नव्हता.

पुढचे तीन-चार महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यांत वाईट. आई एकटी पडली. ती मला उचलायची, बसवायची, पट्टा लावायची आणि कंबरेवर हात ठेवून भिंतीशी उभी राहायची. झोका द्यायला तिच्यात जोर उरायचा नाही. थांबलेल्या झोपाळ्यात बसणं काय असतं हे तोवर मला माहीत नव्हतं. पाय पुन्हा ताठ व्हायला लागले, मान दुपारपर्यंत एका बाजूला कलंडायची. बोलायला कुणी नव्हतं आणि बोलता येणार नव्हतं. आते दर पंधरा दिवसांनी चारकोपहून यायची, दोन बस बदलून, आणि परत जायच्या घाईत असायची. आई तिच्याशी तुटक बोलायची. आतेने कुणी सांगितलं ते मात्र कधीच सांगितलं नाही. आईचा संशय काकूंवर होता आणि तो काकूंना तेवढे दिवस भोवला.

एका संध्याकाळी दादा लवकर घरी आले. ते आणि आई आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी बसले होते, माझ्यापासून चार पावलांवर. आई रडत होती. "माझ्याच्याने होत नाही हो आता," ती म्हणाली. दादा म्हणाले, "कारखान्यात एक जण म्हणत होता, पनवेलच्या पुढे एक संस्था आहे. तिथे कायमचं..." एवढं बोलून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. पुढचं ते आईच्या कानाशी बोलले.

माझ्यासमोर त्या घरात कुणी तरी पहिल्यांदाच आवाज खाली आणला होता. पुढे काय ठरतंय याची मला इतकी भीती वाटत होती की त्याचा अर्थ लगेच लक्षात आला नाही. आईच्याही नाही. ती म्हणाली, "तिला काय..." आणि दादा म्हणाले, "तिला कळतं."

मग ते उठून आले. माझ्यामागे उभे राहिले. झोक्याबरोबरचे माझे आवाज त्यांनी रविवारच्या दुपारी ऐकले असावेत आणि ते शब्द होते हे आता जुळलं असावं. त्यांना कारखान्यातल्या जड वस्तू ढकलायची सवय, पहिला झोका इतका मोठा दिला की मी घाबरून साखळी आवळली. "सॉरी," ते म्हणाले आणि दुसरा बेताने दिला.

"आतेला तू सांगितलंस ना?"

पुढे जाताना मी म्हटलं, "हो."

त्यांनी आणखी एक झोका दिला. "का सांगितलंस?"

मी आतेला जे म्हणू शकले नव्हते ते मला दादांनाही म्हणता येणार नव्हतं. राग हा शब्द तयार होता. पण निघालं ते वेगळंच. "कुणी. विचारलं. नाही. तिला."

आई उंबऱ्यातून उठून आली होती. तिच्या तोंडावर पदर. ती मला पहिल्यांदा बोलताना ऐकत होती. पहिल्यांदा म्हणजे, तिच्या दृष्टीने.

"आणि तुला?" दादा म्हणाले. "तुला काय हवंय?"

मला इतकं काही हवं होतं की ते एका झोक्यात मावेना. मी मागे गेले आणि पुढे आले आणि काहीच म्हटलं नाही. दादा थांबले नाहीत, आईसारखं स्वतःच उत्तरही दिलं नाही. आणखी दोन झोके गेले. तिसऱ्याला मी म्हटलं, "खाली."

त्यांनी झोपाळा थांबवला, बक्कल सोडलं, मला उचललं. आईने चटई पसरली. दादा चटईकडे बघत उभे राहिले आणि मग मला म्हणाले, "खाली म्हणजे चटईवर, की खाली आवारात?"

आवारात हे मला सुचलंच नव्हतं. झोपाळा नव्हता, शब्द येईना, मी फक्त दाराकडे मान टाकली. त्यांनी पायात चपला सरकवल्या.

या वेळी त्यांनी मला खांद्यावर पालथं टाकलं नाही. दोन्ही हातांवर घेतलं, समोर तोंड करून, आणि एक एक पायरी बघत उतरले. खाली पाण्याच्या टाकीचा सिमेंटचा कट्टा होता, त्यावर मला मांडीत धरून बसले. दिवेलागणीची वेळ, कुणीतरी मोगऱ्याला पाणी घालत होतं, ओल्या मातीचा वास. दादांना माझ्याशी काय बोलायचं ते माहीत नव्हतं, त्यामुळे ते कारखान्याबद्दल बोलत सुटले. नवीन लेथ आलीय, साहेबाला ती चालवता येत नाही, युनियनवाले काय म्हणतात, घाटकोपरला म्हणे एक शाळा निघालीय माझ्यासारख्या मुलांची, बस न्यायला येते, ते शनिवारी जाऊन बघणार आहेत. पनवेलचं नाव त्यांनी काढलं नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतर कधीच नाही. मधेच थांबून विचारायचे, "कळतंय ना?" आणि माझी मान हलेपर्यंत थांबायचे.

अंधार पडल्यावर आम्ही वर निघालो. पहिल्या मजल्याच्या वळणावर दादा दम घ्यायला थांबले, मला एका हातावरून दुसऱ्या हातावर घेतलं, आणि जिन्याच्या पिवळ्या दिव्यात माझ्या लोंबणाऱ्या पायांकडे बघत राहिले. ते जवळजवळ त्यांच्या गुडघ्यांपर्यंत पोचत होते.

"जड झालीस गं विजू," ते म्हणाले. "कधी एवढी मोठी झालीस?"